मार्चपर्यंत थांबायचं

आपला नवरा नोकरी सोडून वापीला चाललाय, ही बातमी नीला अहिरेला रॉकेलच्या रांगेत कळली. सांगणारी होती नवऱ्याच्या मित्राची बायको. तिला वाटलं होतं, नीलाला हे केव्हाच ठाऊक असणार. नीलाने कॅन पुढे सरकवला, रॉकेल घेतलं आणि घरी येऊन शिवरामला विचारलं. तो म्हणाला, सांगणारच होतो, अजून पक्कं कुठे झालंय. पण सगळं पक्कं झालेलं होतं. वापीत मित्राबरोबर पंपदुरुस्तीचं वर्कशॉप काढायचं, भागीदारीचे कागदही टाइप होऊन आलेले.

हे १९९३च्या दिवाळीनंतरचं. दोघांच्या लग्नाला चौदा वर्षं होत आली होती. शिवरामला दारूचं व्यसन नव्हतं, त्याने कधी हात उगारला नव्हता, बाहेर कुठे भानगड नव्हती. मूल नव्हतं, पण त्यावरून घरात कोणी कोणाला कधी टोचून बोललं नव्हतं. शिवरामचं एकच होतं. तो सगळं एकटा ठरवायचा. आंबिवलीच्या कारखान्यातली जुनी नोकरी सोडून तो डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत फिटर म्हणून लागला, ते नीलाला तो तिकडे रुजू झाल्यावर कळलं. आंबिवलीचा प्रॉव्हिडंट फंड काढून त्याने कोळसेवाडीतला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, तेव्हा तिला थेट चावी दाखवली. फ्लॅट चांगला होता, नोकरीही आधीपेक्षा बरी होती. त्यामुळे तक्रार कशाची करायची, हेच तिला धड सांगता यायचं नाही.

वापीच्या वेळी मात्र तिला सांगता आलं. दोन आठवडे ती नेहमीसारखी कामावर गेली, स्वयंपाक केला, सासूचं औषधपाणी पाहिलं. मग एका रविवारी तिने शिवरामला समोर बसवून सांगितलं की तुम्ही वापीला जा, पण मी येणार नाही, आणि इथे बसून तुमची वाटही पाहणार नाही. आपण रीतसर वेगळं होऊ.  शिवराम म्हणाला, ठीक आहे. त्याच्या आई, हौसाबाई, आतल्या खोलीत होत्या. त्यांनी दोघांनाही एकेकदा विचारलं की नीट विचार केलाय का.

नीला डोंबिवलीत दातारसरांच्या टायपिंग क्लासमध्ये शिकवायची. सकाळी सातच्या बॅचपासून संध्याकाळपर्यंत यंत्रांच्या खडखडाटात तिचा दिवस जायचा. तिच्या हाताखाली शिकलेल्या मुली बँकांत लागल्या होत्या, मंत्रालयात लागल्या होत्या, आणि पेढे घेऊन क्लासमध्ये यायच्या. दातारसर आता थकले होते. त्यांना मुलीकडे बंगलोरला जायचं होतं. ते नीलाला म्हणाले होते, "नीलाबाई, हा क्लास कुणा परक्याच्या हाती देण्यापेक्षा आपणच चालवावा, असं मला मनापासून वाटतं." तिलाही तेच हवं होतं. शिवाय टायपिंगचे दिवस फार उरलेले नाहीत, आता कॉम्प्युटर आणावे लागतील, हे तिने कधीच हेरलं होतं. अडत होतं ते भांडवलापाशी.

त्यामुळे शिवरामने पुढे ठेवलेला तोडगा तिला पटला. फ्लॅट त्याच्याकडे राहील, कारण आईला दुसरीकडे कुठे ठेवणार. नीलाने फ्लॅटवरचा आणि पोटगीचा हक्क सोडायचा. त्याच्या बदल्यात डोंबिवलीच्या कंपनीत त्याचा जो प्रॉव्हिडंट फंड साठलाय, तो सगळा तिला. तो महिन्याभरात राजीनामा देणारच होता, म्हणजे पैसेही लवकर मिळणार. कल्याणच्या एका वकिलाने तसा मसुदाही करून दिला.

नीलाची धाकटी बहीण रंभा कळव्याला राहायची. तिने मसुदा पाहिला आणि म्हणाली, ताई, सही करायच्या आधी आपल्या वकिलाला दाखव. दाजींच्या वकिलाने लिहिलेलं ते. तिनेच ठाण्याच्या हेमा नाखव्याचं नाव सुचवलं.

हेमा नाखवा चेंदणी कोळीवाड्यातली. आई अजून बाजारात मासळी विकायला बसायची, आणि लेक कोर्टाजवळच्या जिन्याखालच्या खोलीत वकिली करायची. बोलणं तडक, वेळ दवडायची सवय नाही. तिने मसुदा वाचला आणि पहिला प्रश्न विचारला तो नीलाला अगदीच अवांतर वाटला. मिस्टर या कंपनीत कधी लागले? नीलाने सांगितलं, नव्वद सालच्या गुढीपाडव्याच्या सुमाराला. आणि त्याआधीच्या कंपनीतला फंड इकडे वळवून घेतला होता की काढून घेतला? काढला, नीला म्हणाली, त्याचाच फ्लॅट झाला.

हेमाने मसुदा खाली ठेवला.

"नीलाताई, पाच वर्षं पुरी व्हायच्या आत माणसाने आपणहून नोकरी सोडली, तर फंडाला करमाफी मिळत नाही. कंपनीने भरलेला वाटा आणि त्याचं व्याज त्याच्या पगारात धरतात. त्याच्या स्वतःच्या वाट्यावर दरवर्षी जी सूट घेतलेली असते, तीसुद्धा परत द्यावी लागते. आणि फंड सांभाळणारे ट्रस्टी कर कापूनच चेक देतात."

"पण कर त्यांना लागणार ना? पगार त्यांचा."

"कर त्यांनाच लागणार. पण इथे काय लिहिलंय बघा. फंडाची जी रक्कम हातात येईल ती पत्नीला. म्हणजे घाई त्यांची, आणि कापलं जाणार तुमचं."

जुना फंड वळवून घेतला असता तर आंबिवलीची वर्षंही धरली गेली असती, पण तो रस्ता आता बंद होता. पाच वर्षं पुरी होणार होती पंचाण्णवच्या मार्चअखेर. त्यानंतर राजीनामा दिला तर कराचा एक पैसा कापला जाणार नाही. हेमाने हेही सांगितलं की मार्चपर्यंत थांबायचं म्हणजे शिवरामच्या शब्दावर विसंबायचं. प्रॉव्हिडंट फंडावर जप्ती येत नाही, कोर्टही त्याला हात लावू शकत नाही.

नीलाने घरी जाऊन शिवरामला हे सांगितलं तेव्हा तो हसला. आंबिवलीचा फंड काढला तेव्हा कुठे काय कापलं होतं? वकील लोक असंच काहीतरी काढत बसतात. नीला वाद घालत बसली नाही. तुमच्याच कंपनीच्या अकाउंट्समध्ये विचारून या, एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी तो विचारून आला आणि खरं काय ते त्याने सांगितलं. आंबिवलीला त्याची अकरा वर्षं झाली होती, म्हणून तिथे काही कापलं नव्हतं. इथे कापणार होते, आणि ते थोडंथोडकं नव्हतं.

मग त्याच्या वकिलाने दुसरी वाट काढली. फंडाचं सोडा, दर महिन्याला ठरावीक रक्कम देऊ, आठ-दहा वर्षं. हेमाने ती वाट दोन मिनिटांत निकालात काढली. महिन्याच्या महिन्याला येणारी पोटगी म्हणजे नीलाचं उत्पन्न, ते तिच्या पगारात मिळवून तिच्यावर कर बसणार. पोटगीच्या बदल्यात एकदम घेतलेली रक्कम मात्र उत्पन्न समजली जात नाही, मुंबईच्या हायकोर्टानेच तसं म्हटलं होतं. आणि कराचं बाजूला ठेवलं तरी, दर महिन्याला वापीला फोन कोण लावत बसणार? नीलाला शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त पटला.

तिने शिवरामशी शेवटचं बोलणं कोळसेवाडीतल्या त्याच घरात, हौसाबाईंच्या समोर केलं.

"पंचाण्णवच्या मार्चपर्यंत थांबायचं," ती म्हणाली. "नोकरी सोडायची नाही. कराचे जे पैसे वाचतील, त्यातले अर्धे तुमचे. सरकारला द्यायचे ते तुम्हाला दिले तर माझं काही जात नाही."

"सव्वा वर्ष? तो भागीदार थांबेल का माझ्यासाठी?"

"ते तुम्ही त्याला विचारा. आणि माझ्या बाजूने मी काय करणार, तेही ऐकून ठेवा." हेमाने समजावलेलं तिने जसंच्या तसं त्याच्यापुढे मांडलं. परस्परसंमतीचा अर्ज आत्ता करायचा. कायद्याप्रमाणे दुसऱ्यांदा कोर्टासमोर जाऊन होकार द्यायला सहा महिन्यांनंतर, पण दीड वर्षाच्या आत जायचं असतं. ती तो दुसरा होकार फंड हातात पडेपर्यंत देणार नव्हती. दीड वर्ष पंचाण्णवच्या ऑगस्टमध्ये संपत होतं, त्यामुळे सगळं त्यात बसत होतं.

शिवराम म्हणाला, "म्हणजे मला ओलीस ठेवायचं."

"तुम्हाला नाही. माझ्या सहीला. आणि ते तुम्हाला आधी सांगून."

हौसाबाई एवढा वेळ भाजी निवडत होत्या. त्या लेकाला म्हणाल्या की हिने आधी सांगितलं, तू कधी सांगितलंस का? शिवराम उठून गॅलरीत गेला.

 त्या आठवड्यात तो वापीला जाऊन आला. मग एका दुपारी तो डोंबिवलीला क्लासमध्ये आला, जिथे तो इतक्या वर्षांत एकदाही आला नव्हता. मुली टाइप करत होत्या. नीलाने त्याला दारातच पाहिलं आणि खडखडाटात त्याला मोठ्याने बोलावं लागलं. भागीदार थांबणार नव्हता, तो दुसऱ्या कोणाला घेणार होता. शिवरामला नंतर तिथे पगारी माणूस म्हणून जाता येणार होतं, एवढंच. "मी थांबतोय," तो म्हणाला. "अजून कोणाला बोललेलो नाही. आधी तुला सांगतोय." नीलाने मान हलवली. त्याला पाणी दिलं. तो गेल्यावर तिला काही क्षण समोरच्या मुलीच्या चुका दिसेनात.

चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत कल्याणच्या कोर्टात अर्ज दाखल झाला आणि नीला कळव्याला रंभाकडे राहायला गेली. दातारसरांशी तिने सरळ बोलणं केलं. पैसे यायला दीड वर्ष लागेल, तोवर पगारातून थोडे थोडे देईन, बाकीचे एकदम. दुसरा माणूस रोख घेऊन दारात उभा होता, तरी दातारसर तिच्यासाठी थांबायला तयार झाले. दिवाळीनंतर ते बंगलोरला गेले आणि क्लासच्या किल्ल्या नीलाकडे आल्या.

त्याच थंडीत शिवरामच्या कंपनीत नवा मॅनेजर आला. त्याने शिवरामला फिटरच्या कामावरून काढून ड्रम चढवण्या-उतरवण्याच्या कामावर पाठवलं. पंधरा वर्षांत ज्याच्या हातात फक्त हत्यारं होती, त्या माणसाला हमालांच्या बरोबरीने उभं केलं. त्याने क्लासमध्ये फोन केला आणि सांगितलं की उद्या राजीनामा तोंडावर मारतो, तुला कळवतोय फक्त.

नीलाने त्याला डोंबिवली स्टेशनजवळच्या एका हॉटेलात बोलावलं. चहा आला. तिने कराचा विषयच काढला नाही. काय झालं ते सगळं सांगायला लावलं, आणि तो सांगत गेला. सांगता सांगता तो आंबिवलीवर आला. तिथलीही नोकरी त्याने अशीच सोडली होती. सुपरवायझर सगळ्यांसमोर त्याच्या जातीवरून बोलला होता. घरी येऊन त्याने सांगितलं की डोंबिवलीत पगार जास्त आहे.

नीला हे पहिल्यांदा ऐकत होती. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की त्याने तिला मोजलंच नाही म्हणून सांगितलं नाही.

"तेव्हा का नाही बोललात?"

"तू म्हणाली असतीस, त्याच्या नावाने तक्रार करा, भांडा."

"म्हटलंच असतं. तुमच्याबरोबर आलेही असते."

शिवरामने बशीत सांडलेला चहा कपात ओतला. नीला म्हणाली की आताही तेच म्हणते. युनियनकडे जा, लेखी द्या की मला माझ्या कामावरून का काढलं. राजीनामा मार्चनंतर तुमच्या मनाने, ताठ मानेने द्या. या मॅनेजरने छळलं म्हणून देऊ नका. ठरवायचं तुम्हीच, पण माझं मत विचाराल तर हे.

त्याने युनियनकडे तक्रार दिली. महिना-दीड महिना खटके उडाले आणि मग त्याला परत हत्यारं मिळाली. मॅनेजरने तोंड वळवून घेतलं, पण शिवराम कामावर राहिला.

रंभाला हे सगळं कळलं तेव्हा तिने बहिणीला विचारलं की एवढं नीट बोलताय तर आता तोडता कशाला? नीलाने त्यावर प्रामाणिकपणे विचार केला. चार-पाच दिवस तिच्या मनात तोच विषय होता. शेवटी तिने रंभाला सांगितलं की आम्ही नीट बोलतोय ते वेगळे राहतोय म्हणून. एका घरात गेलो की तो पुन्हा गप्प होईल आणि मी पुन्हा त्याच्या मित्रांच्या बायकांकडून बातम्या ऐकेन. तिला त्याचा राग उरला नव्हता, पण परत जायची इच्छाही नव्हती. 

पंचाण्णवचा मार्च संपला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शिवरामने राजीनामा दिला आणि तसा निरोप क्लासमध्ये ठेवला. फंड मिळायला नोकरी सुटल्यावर दोन महिने थांबावं लागतं, तेही थांबून झालं. अर्ज गेला. जुलैत चेक मिळायचा तो मिळेना. एकदा सही जुळत नाही म्हणून अर्ज परत आला, मग सह्या करणारे ट्रस्टी परगावी गेले. कोर्टाची शेवटची तारीख ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली होती. ती चुकली तर अर्ज बाद होणार होता आणि सगळं पहिल्यापासून सुरू.

त्या दिवशी कल्याणच्या कोर्टात तिघं बाकड्यावर बसली होती, नीला, हेमा आणि थोडा लांब शिवराम. चेक आलेला नव्हता. हेमाने नीलाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की आज होकार देऊ नका. एकदा निकाल झाला की तुमच्या हातात काही राहत नाही. ती बरोबरच सांगत होती.

नीला शिवरामजवळ जाऊन बसली. त्याचा शर्ट इस्त्रीचा होता, पायात जुन्याच चपला. वापीचं ते वर्कशॉप दुसऱ्याच्याच नावाने सुरू होऊन वर्ष झालं होतं.

"काय करायचं?" तिने विचारलं.

"तुझी सही तुझ्याकडे ठेव," तो म्हणाला. "अर्ज पडला तर पडू दे. परत करू. मला काही घाई नाही आता."

 तो फसवत असता तर तिने आजच होकार द्यावा म्हणून त्याने आग्रह केला असता. तिने चौदा वर्षं त्या माणसाबरोबर काढली होती, आणि तो गप्प राहतो, लपवतो, पण जे बोलला ते फिरवत नाही, एवढं तिला पक्कं माहीत होतं. ती उठली आणि हेमाला म्हणाली की मी होकार देणार आहे. हेमाने एकदा तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, मग त्यांची हमी कोर्टाच्या रेकॉर्डवर घेऊ. पुकारा झाल्यावर तिने तसंच केलं. न्यायाधीशांनी शिवरामला विचारलं, फंडाची पूर्ण रक्कम मिळताच पत्नीला द्याल? तो म्हणाला, देईन. मग नीलाला विचारलं, आणि ती हो म्हणाली. बाहेर आल्यावर दोघांनी एकमेकांना जयभीम केला, आणि तो कोळसेवाडीकडे वळला.

फंड गणपती उरकल्यावर आला. शिवराम डिमांड ड्राफ्ट घेऊन स्वतः क्लासमध्ये आला. एक पैसाही कापलेला नव्हता. नीलाने ठरल्याप्रमाणे वाचलेल्या करातला अर्धा भाग त्याला दिला. त्याने ना आढेवेढे घेतले ना आभार मानले, पाकीट खिशात ठेवलं. म्हणाला की वापीला जातोय, पगारावरच, वर्षभराने बघू. आई इथेच राहील, मधून मधून तिच्याकडे डोकावशील का? नीला म्हणाली, ते सांगायला लागतं का? आणि तो गेला.

दातारसरांचे उरलेले पैसे बंगलोरला गेले. दोन कॉम्प्युटर आले, भिंतीला पांढरा रंग दिला. पाटीवर जुनं नाव तसंच ठेवून खाली 'संगणक प्रशिक्षण' लिहून घेतलं. पहिल्या बॅचला अकरा मुली आल्या. एकीची आई बाहेर उभी राहून विचारत होती की याने नोकरी लागते का. नीलाने तिला आत बोलावून यंत्रासमोर बसवलं आणि तिच्या मुलीचं नाव पडद्यावर उमटवून दाखवलं.

थोडे पैसे तिने बँकेत मुदतीने ठेवले होते. त्याचं व्याज आणि क्लासचं उत्पन्न धरून पुढच्या वर्षी तिला पहिल्यांदा स्वतःचा आयकर भरावा लागला. हेमाने ओळखीच्या सीएकडे पाठवलं. त्याने सांगितलं की फंडाची रक्कम दाखवायची नाही, ते उत्पन्न नाही, पण त्यावरचं व्याज आता तुमचं, ते दाखवायचं. नीलाला ते मान्य होतं. कल्याणच्या बँकेत चलन भरायला ती स्वतः गेली, रांगेत उभी राहिली आणि चलनावर शिक्का बसल्यावर तो नीट उमटलाय का, हे पाहून घेतलं. वाटेत कोळसेवाडीत जाऊन हौसाबाईंना केळी आणि औषध दिलं. त्या म्हणाल्या, जेवून जा. नीला म्हणाली, पाचची बॅच आहे, रविवारी येते. आणि ती डोंबिवलीला परत निघाली.